तिची शेवटची चाल

ब्रह्मपुरीहून आणलेली बाजाची पेटी उघडली की जुन्या लाकडाचा वास येते, अन् बायकोसंगची शेवटची संध्याकाळ आठवते. तिचा डावा हात लुळा पडला होता. सूर ती वाजवे, भाता मी मारो.

"हळू मारा जी! भट्टी फुकून राह्यले का?"

"तुले लोहारच भेटला, आता काय करशील!"

ती हसली. भीमजयंतीसाठी तिनं बांधलेली नवी चाल माझ्याशिवाय कोणी ऐकली नव्हती. त्याच रात्री ती झोपेतच वारली. चालही तिच्यासंगच जाईल, याचं मले भेव वाटलं. पण हात गेल्यापासून वर्षभर तिनं मले भाता मारायले शेजारी बसवलं, हे तिचे उपकार. चाल कानात बसली होती.

सकाळी तिच्या भजनमंडळाच्या बाया आल्या. मी जन्माचा बेसूर, तरी तिच्या उशाशी बसून गायलो. दोनदा चुकलो. तिसऱ्यांदा बायांनी चाल उचलली.