काष्टीचे हरभरे आणि पदराखालचा भाव

"बाई, भाव करायला पुरुष माणूस पाठवा." नगरच्या आडत्याने तिसऱ्यांदा हे ऐकवलं आणि मी काष्टीला जायचं ठरवलं. दुसऱ्या महायुद्धाचं दुसरं वर्ष होतं. शाळेतून निवृत्त झाल्यावर मी तीन विधवा बायकांना घेऊन फुटाण्यांची भट्टी काढली होती. आडत्या खडे मिसळलेले, किडके हरभरे द्यायचा. गिऱ्हाईक तुटत चाललं होतं. शिमग्याच्या आत चांगला माल मिळाला नाही तर भट्टी बंद, आणि त्या तिघी पुन्हा लोकांची भांडी घासायला. म्हटलं, माल थेट शेतकऱ्याकडूनच घेऊ.

सकाळची दौंडकडे जाणारी पॅसेंजर, तिसरा वर्ग. पिशवीत लोखंडी कढई आणि भट्टीतली वाळू. तुम्ही जाणार असाल तर डबा घरून न्या; काष्टी स्टेशनवर फक्त गुळाचा चहा मिळतो, आणि तो देणारा आपल्यावर उपकार करतो.

बाजारात एका चहावाल्याची चूल दोन आण्यांना भाड्याने घेतली. प्रत्येक शेतकऱ्याचे मूठभर हरभरे तापल्या वाळूत टाकून पाहिले. कुणाचे करपले, कुणाचे ओले निघाले. रामभाऊ नावाच्या शेतकऱ्याचे मात्र एकजात फुटले. माल ठरला. रामभाऊंनी खांद्यावरचा पंचा हातावर टाकला, हात पुढे केला आणि तसाच मागे घेतला. भोवतीचे लोक हसले.

तिथे भाव बोलत नाहीत. कापडाखाली एकमेकांची बोटं दाबून ठरवतात, म्हणजे शेजाऱ्याला कळत नाही. परक्या बाईचा हात कोण धरणार? मला हा सगळा पोरखेळ वाटला. तीस वर्षं वर्गावर चढवलेल्या आवाजात मी म्हणाले, "मणाला चार रुपये. रोख!"

ओळीच्या टोकापर्यंत ऐकू गेलं. शेजारच्या पोत्यावर रेललेला दलाल लगेच म्हणाला, "आपले चार रुपये दोन आणे."

रामभाऊ कळवळले. "बाई, भाव असा वरडत्यात व्हय? आता ह्याला न्हाई म्हनलं तर माजी तूर कोन घील?"

चूक माझी होती. लहानपणी मिशनच्या शाळेत शिकवणाऱ्या नन्स म्हणायच्या, मोठ्याने आणि स्पष्ट बोला; काष्टीच्या बाजाराचं त्यांना काय ठाऊक! पण रिकाम्या हाती परतायचं नाही, एवढं नक्की होतं.

रामभाऊंची बायको भागूबाई मागे हरभरे चाळत होती. ती चाळण ठेवून उठली. "सरका तिकडं. बाईमानसाचा हात धराया मी हाय की." तिने माझ्या हातावर पदर टाकला आणि चार बोटं दाबली, मग आणखी चार. चार रुपये चार आणे. मी एक बोट सोडवलं. तिने परत पकडलं. ज्या बोटांवर नन्सच्या पट्ट्या बसल्या, त्यांची ही झटापट बराच वेळ चालली. शेवटी ती हसली. "झालं!"

"किती झालं?" दलालाने विचारलं.

"लई झालं," भागूबाई म्हणाली, आणि परत चाळायला बसली. आकडा कळल्याशिवाय त्याला वर बोली चढवता येईना.

आठ पोती झाली. स्टेशनवरचे बाबू म्हणाले, मालगाडीच्या वाघिणी लष्कराकडे गेल्यात, माल कधी जाईल सांगता येत नाही. मग रामभाऊंचीच बैलगाडी, भाडं वेगळं. पैसे निम्मे तिथे, निम्मे नगरला, असं मी सुचवलं.

"मग मी बी येते," भागूबाई म्हणाली. "तुमी पळाला तर?"

"या वयात?"

"त्वांड तर पळतंय की तुमचं!"

काष्टीहून श्रीगोंद्यावरून मांडवगण, तिथे देवळात मुक्काम, दुसऱ्या दिवशी नगर. रस्ता म्हणाल तर अजून कमरेत आहे. पोत्यांवर बसून भागूबाईने मला आण्यांची सगळी बोटं शिकवली, आणि मी चुकले की हसून पाठीत धपाटा घातला.

शिमग्याला भट्टी दिवसभर पेटती होती. फुटाणे संपले तसा आडत्या दारात आला. पोत्यातले हरभरे त्याने दातांखाली फोडून पाहिले, आणि विचारलं, "कुठून आणले? काय भावाने?"

मी भट्टीवरून मान वर केली नाही. म्हटलं, "शेठ, भाव विचारायला बाईमाणूस पाठवा."