शिक्षेचं इंग्रजी

“ही यूज्ड टू एज्युकेट हर,” दुभाषी बाई जजबाईंना म्हणाल्या.

मी हे बोललेच नव्हते. मी हिंदीत म्हणाले होते, “वो मुझे शिक्षा देते थे.” शिक्षा. जानेवारीच्या थंडीत नवऱ्याने मला अनवाणी मागच्या बागेत काढलं आणि दार आतून लावलं, ती शिक्षा. का, तर पाहुण्यांसमोर माझं इंग्रजी चुकलं.

मँचेस्टरचं फॅमिली कोर्ट. घटस्फोट ऑनलाइनच झाला होता, त्यात चूक कोणाची हे कोणी विचारतच नाही. इथे प्रश्न मुलीचा होता. ती कोणाकडे राहणार ते माझ्या साक्षीवरून ठरणार होतं. मराठीचा दुभाषी मिळाला नाही म्हणून हिंदीच्या बाई आल्या. माझी वकील म्हणाली, “हिंदी विल डू, वोन्ट इट?” मी मान डोलावली. मराठी माणसाचं हिंदी, घाईत मराठी शब्द घुसायचाच. हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण, हे माझ्या ध्यानातच आलं नाही.

ह्यांचा बॅरिस्टर उठला. “सो ही वॉज हेल्पिंग यू इम्प्रूव्ह?”

ह्यांच्या आणि माझ्यामध्ये पडदा होता, मला त्रास नको म्हणून कोर्टाने लावलेला. त्यामागून खोकला आला. हसू दाबताना हे असेच खोकतात.

त्या खोलीत मराठी कळणारा दुसरा एकच माणूस होता. हे. पुण्यात वाढलेले, दोन्ही अर्थ पाठ. मी लग्न करून इथे आले तेव्हापासून माझं बोलणं ह्यांनीच इंग्रजीत नेलं. डॉक्टरकडे, शाळेत, बँकेत. मी डोळे मिटून विश्वास ठेवला. माझ्या नावावर तिथे काय काय खपवलं असेल? केसाने गळा कापत होते, आणि मी मान पुढे करत होते.

अंगाची लाही लाही झाली. मी उभी राहिले.

“नो. नॉट एज्युकेट. पनिश. ही लॉक मी आउट. जानेवारी. नो शूज.”

व्याकरण गेलं खड्ड्यात. याच मोडक्या इंग्रजीपायी मी बागेत कुडकुडले होते.

दुभाषी बाई गोऱ्यामोऱ्या झाल्या. जजबाईंनी मला विचारलं, आज हिंदीतच पुढे जायचं, की मराठी दुभाषी मिळेपर्यंत थांबायचं? वकील कुजबुजली, “इट कुड टेक मंथ्स.” थांबले तर तोवर मुलीचे शनिवार-रविवार ह्यांच्याच घरी जाणार. पण चुकीच्या शब्दावर निकाल लागला, तर ती कायमची जाणार होती.

“मराठी,” मी म्हणाले. “आय वेट.”

त्या दिवशी ‘अहो’ सुटलं. ‘हे’ही सुटलं. आता फक्त तो.

पुढच्या तारखेला मी सगळं मराठीत सांगणार आहे. दार, बाग, गोठलेले पाय. मुलगी माझी आहे, हेही मराठीतच. शिक्षेला शिक्षाच म्हणणार. पडद्यामागे त्याला खोकायचं तर खुशाल खोकू दे.