नदीच्या दक्षिणेचा ठिपका

टाचणीबाईंना आपण ओळखत होतो, असं म्हणायची नकाशेवाल्यांची अजून छाती होत नाही. संग्रहालयाच्या कीटक विभागात एकोणीस वर्षं टेबलाला टेबल लावून बसले, पण बाईंच्या घरी कोण कोण असतं हे विचारायला जीभ रेटली नाही. ते पुस्तकांसाठी नकाशे काढत, बाई मेलेल्या किड्यांना टाचण्या टोचत. एवढंच.

त्या वर्षीच्या पुस्तकात एक फुलपतंग होता. नखाएवढा, गुलाबी, फुलात बसला की पाकळीच वाटावा. त्याचा वावर फक्त नदीच्या उत्तरेला, असं विभागाचे साहेब सांगत. बाई म्हणाल्या, "माझ्या परसात दर फुलोऱ्याला येतो की! आणि माझं घर दक्षिणेला."

"मग आणा टोचून."

हजारो किडे टोचणाऱ्या बाई इथे अडल्या. "घरी आलेल्याला टाचणी कशी टोचू? शोभतं का?"

सगळा विभाग हसला. साहेबही नरमले. "बरं, विभागातल्या आणखी कुणी डोळ्यांनी पाहून सही केली तरी नकाशावर दक्षिणेला ठिपका देऊ. पण नकाशा छापायला जायच्या आत."

बाईंनी शेजारच्या टेबलाकडे पाहिलं. "येता का रविवारी?"

"बघतो," नकाशेवाले म्हणाले. परक्या घरी जायचं म्हटलं की ते नकाशात डोकं खुपसायचे. असे तीन रविवार त्यांनी 'बघतो'वर काढले. मग एका सकाळी बाई मान वर न करता म्हणाल्या, "राहू द्या आता. दोनचारच फुलं उरलीत."

नकाशा दुसऱ्या दिवशी जाणार होता. नकाशेवाल्यांनी दोघांची अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि त्याची गुंडाळी काखोटीला मारली. "चला."

परसात बाईंनी स्टूल दिलं. "ते कडेचं फूल बघा."

"पाकळी दिसतेय."

"चष्मा पुसा, नकाशेवाले!"

पुसला. तरी पाकळीच. मग पाकळीने मिशा हलवल्या.

त्यांनी तिथेच गुडघ्यावर नकाशा पसरून ठिपका दिला, बाजूला सही केली. बाई कितीतरी वेळ त्यावर वाकून राहिल्या.

"एवढासाच?"

"पतंग तरी केवढासा आहे!"

पुढे बाई उरलेली रजा घेऊन निवृत्त झाल्या आणि बहिणीकडे दूरगावी गेल्या. पुन्हा भेट नाही. पतंग पाहिला त्या दुपारी नकाशेवाले निघताना दारात त्या एवढंच म्हणाल्या होत्या, "चपला उन्हात राहिल्यात तुमच्या. चटके बसतील."

"बसू देत. येतो."