माय 'येतो' म्हणाली नाही

आमच्याकडे घरून निघताना कोणी 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतात. त्या सकाळी फाट्यावर एसटी थांबली तेव्हा आत्यानं मायचे दोन्ही हात धरले आणि म्हणाली, "येजो वं." माय पायरीवर चढली, वळली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "जातो." बाबा मागच्या बाजूला ट्रंक चढवत होते. त्यांनीही ते ऐकलं. ते उगाचच ट्रंकेची दोरी सोडून पुन्हा बांधत बसले.

आमचं गाव ब्रह्मपुरीच्या पुढं, जंगलाला अगदी खेटून. थोडी धानाची शेती, उन्हाळ्यात मोहफुलं आणि तेंदूपत्ता. त्या चैत्रात माझा मोठा भाऊ विलास मायसोबत मोहफुलं वेचायला गेला होता. ती एका झाडाखाली वाकलेली, तो पलीकडच्या झाडाखाली. वाघानं त्याला तिथून नेलं. मला याहून जास्त माहीत नाही, कारण मायनं याहून जास्त कधी सांगितलं नाही. सोबतच्या बायका सांगतात, बाकी सगळ्या गावाच्या दिशेनं पळाल्या आणि माय एकटी जंगलाच्या दिशेनं.

गावात राहिलेल्या तुम्हां लोकांना तेव्हा वाटलं, मंगला भ्याली, म्हणून चालली. भीती नव्हती ती. तिला त्या झाडांकडे पाठ करून जगायचं होतं, आणि आमच्या गावात कुठंही उभं राहिलं तरी झाडं समोरच यायची. बाबांना गाव सोडायचं नव्हतं. पण तिनं जेवण सोडलं, तेव्हा त्यांनी पुण्यातल्या मामाला फोन लावला.

मामा धायरीत राहायचा, एका कारखान्यात कामाला होता. त्यानं आम्हाला त्याच्याच गल्लीत एक खोली बघून दिली. घरमालक मूळचे धायरीचेच शेतकरी. त्यांच्या वावरात आता सात मजली इमारती होत्या. पहिल्या दिवशी ते दारात येऊन म्हणाले, "काय बी लागलं तर हाक मारा, लाजू नगा." त्या सबंध वर्षात आमच्याशी इतकं सरळ फारसं कोणी बोललं नाही.

खरं सांगायचं तर सुरुवातीला मायला पुणं आवडलं. खिडकीतून झाड दिसत नव्हतं. सिंहगड रोडवरच्या हॉर्नचा आवाज रात्रभर यायचा आणि ती त्या आवाजात झोपायची. गावातल्या शांततेत ती झोपू शकत नव्हती. बाबांचं उलटं झालं. ते एका सोसायटीत वॉचमन म्हणून लागले. गावात ते पाटलापासून पोरापर्यंत सगळ्यांचे 'शंकरभाऊ' होते. इथं गाडीची काच खाली व्हायची आणि आतून आवाज यायचा, "काका, गेट उघडायला मुहूर्त बघताय का?" पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा बाबा घरी येऊन कौतुकानं म्हणाले, "इथले लोक मुहूर्त पाहून घराबाहेर पडतेत वाटते." मी आणि माय हसलो नाही. काही महिन्यांनी त्यांना त्याचा अर्थ कळला. मग ते घरी आल्यावर दिवसभरातलं काही सांगेनासे झाले.

माय दोन-तीन घरी पोळ्या करायला जायची. तिकडच्या बायकांसारखी ती 'मी येतो, मी करतो' म्हणायची. इथल्या बायका हसायच्या. मग ती 'येते, करते' म्हणायला शिकली, पण फक्त त्या घरांमध्ये. मला म्हणायची, "लोकाच्या घरी चप्पल काढून ठेवतो ना आपुन, तसंच हाये थे."

त्यातल्या एका घरच्या काकू फार चांगल्या होत्या. मला कॉलेजची पुस्तकं त्यांनीच मिळवून दिली. ती माणसं वाईट असती तर पुढचं सांगणं सोपं गेलं असतं. उन्हाळ्याच्या सुट्टीत खोलीची किल्ली घ्यायला मी त्यांच्याकडे गेले होते. काका-काकू ताडोब्याहून नुकतेच परतले होते. हॉलमधल्या मोठ्या टीव्हीवर काकांनी मोबाइलमधला व्हिडिओ लावला होता.

"मंगलाताई, अहो, पोळ्या राहू देत, आधी इकडे या," काकूंनी हाक मारली. "तुमच्या भागातली वाघीण बघा. कशी राणीसारखी चालते!"

माय पिठाचे हात पुसत आली आणि दाराच्या चौकटीशी उभी राहिली. पडद्यावर वाघीण रस्ता ओलांडत होती. मागून जीपमधल्या माणसांचे दबलेले, आनंदाचे आवाज. मी मायकडे बघत होते. तिनं डोळे मिटले नाहीत, मान वळवली नाही.

"चार सफारी केल्या, तेव्हा बाईसाहेबांनी दर्शन दिलं," काका म्हणाले. "तुम्हाला काय, येता-जाता दिसत असतील."

"एकदाच दिसला," माय म्हणाली.

"एकदा का होईना! इतक्या जवळून?"

"हो. जवळून."

"नशीबवान आहात हो," काकू अगदी मनापासून म्हणाल्या.

माझ्या तोंडात शब्द आले होते. मायनं माझ्याकडे एकदाच पाहिलं, आणि मी ते गिळले. ती आत गेली. राहिलेल्या पोळ्या लाटल्या, ओटा पुसला, "येते" म्हणाली आणि आम्ही जिना उतरलो. खाली पार्किंगमध्ये ती एका स्कूटरला धरून उभी राहिली. मी विचारलं, "सांगितलं का नाही त्यांना?"

"सांगून काय करू? त्याइले वाईट वाटन. मंग त्या माह्याकडे रोज कीव करून पायतीन." मग स्कूटर सोडून म्हणाली, "एका घरात तरी मी नुसती पोळ्यावाली राहू दे."

त्या घरी ती पुढंही जात राहिली. पण त्या दिवसापासून तिला हॉर्नच्या आवाजातही झोप लागेना.

हे बाबांना कळलं तेव्हा त्यांनी परत जायचा विषय काढला. "इथंबी तेच, मंग आपल्याच गावात काय वाईट? आपला पोरगा तिथं हाये."

"तिथं नाई हाये तो," माय म्हणाली. "मी पायलं ना, तिथं नाई हाये."

या दोन वाक्यांच्या पुढं ते भांडण कधी गेलं नाही आणि थांबलंही नाही. मला खराडीत एका कंपनीत सपोर्टचं काम लागेपर्यंत बाबा थांबले. माझा पहिला पगार झाला, त्याच महिन्यात त्यांनी गेटवरची नोकरी सोडली. मी स्टेशनवर सोडायला गेले. माय दारापर्यंतसुद्धा आली नाही. बाबा मला म्हणाले, "तिच्यावर राग नोको करजो, पोरी. मी दुसऱ्या कोनत्या जागेत राहू शकत नाई. तुही माय तिथं राहू शकत नाई. दोघायचंबी बरोबर हाये."

दोघंही बरोबर असतील तर करायचं काय, हे मला अजून कोणी सांगितलेलं नाही.

मधे एकदा ऑफिसातल्या मैत्रिणीनं तिकिटं दिली म्हणून मी मायला सिनेमाला घेऊन गेले. परमुलखातून शहरात आलेल्या एका कुटुंबाची गोष्ट होती. आई, वडील, दोन मुलं. एका खोलीत राहतात, अपमान सोसतात, शेवटी नव्या घराच्या वास्तुशांतीला सगळा शेजार जेवायला येतो. थिएटरमध्ये बरेच लोक डोळे पुसत होते. माय कोरडीच होती. बाहेर आल्यावर मी विचारलं, आवडला का. ती म्हणाली, "त्याइचे चारबी जन शेवटपरेंत सोबत होते."

गेल्या मार्गशीर्षात सकाळी आत्याच्या मुलाचा फोन आला. बाबा कापून रचलेल्या धानाच्या ढिगापाशी, पुंजण्यापाशी, बसल्या बसल्या गेले होते. मी मायला सांगितलं. ती भांडी घासत होती. तिनं नळ बंद केला. म्हणाली, "तू जा."

"तू नाही येणार? माय, बाबा गेले."

"समजलं मले." तिचा आवाज फुटला, पण ती जागची हलली नाही. "त्याइच्यासाठी जीव तुटते माहा. पन पाय नाई जात."

मी एकटीच गेले. नागपूरपर्यंत विमान, मग टॅक्सी. तरी उशीर झालाच. तुम्ही माझ्यासाठी थांबला होतात, हे मी विसरणार नाही. अग्नी मीच दिला. तेव्हा कोणीतरी बाई मागून म्हणाली, बायको असून आली नाही. तिला मी तिथं उत्तर दिलं नाही. आज हे लिहिलं, ते थोडं तिच्यासाठीच.

परत आले तेव्हा माय खोलीत भिंतीला टेकून बसली होती. कपाळ मोकळं होतं. तिनं सगळं विचारलं. कोण कोण आलं होतं, लाकडं कोरडी होती का, तोंडात पाणी कोणी घातलं. मी एकेक सांगत गेले. ती ऐकत होती, आणि मी पहिल्यांदा तिला आवाज करून रडताना पाहिलं. विलाससाठीही ती अशी रडली नव्हती, निदान माझ्यासमोर नाही.

रडणं ओसरल्यावर तिनं पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, "माह्यं झालं का मले इथंच जाळजो. तिकडे नोको नेऊ."

"बरं," मी म्हणाले.

"बाबाजवळबी नोको."

"बरं, माय."

मग अगदी हळू आवाजात तिनं विचारलं, "आन् तुले कुठं नेतीन?"

बापाची राख तिकडे वैनगंगेत, मायची इथं मुठेत जाणार. माझं आधारकार्ड धायरीचं, बोलणं अर्धं तिकडचं, आणि ज्यांनी मला उचलावं अशी माणसं दोन्हीकडे नाहीत. मायनं माझा हात आपल्या मांडीवर ओढून घेतला.