निकाल दिया

शुभदा करंदीकर चंडीगडला येऊन बरीच वर्षं झाली होती, तरी हिंदी ऐकताना त्यांचा कान सांगलीचाच होता. अठ्ठ्याऐंशी साली पेपर फोडल्याचा ठपका ठेवून शाळेने त्यांना काढून टाकलं, तेव्हा मुळूमुळू रडत न बसता बाईंनी सरळ दावा ठोकला. नोकरी हवी होतीच, पण त्याहून जास्त नावावरचा डाग पुसायचा होता. पेपरांच्या कपाटाची किल्ली ज्यांच्याकडे असे, ते कारकून बलबीर सिंग साक्ष देणार होते, की किल्ली बाईंच्या हातात कधी गेलीच नाही. पण ते आता बटाल्याकडे गावी राहत, आणि तिकडे आज बंद तर उद्या कर्फ्यू. बसच निघत नसे. त्यांच्या तारखा हुकत गेल्या.

एका दुपारी वकिलांच्या मुन्शीचा फोन आला. "मॅडमजी, जज साहब ने निकाल दिया."

बाईंनी फोन आपटला. साक्षीदार न ऐकताच निकाल दिला! दुसऱ्या दिवशी सकाळीच त्या मल्होत्रा वकिलांपुढे उभ्या. "अपील करना है."

"किस चीज़ की?" वकिलांना आधी कळेना, मग हसू आवरेना. निकाल कुठला लागायला? जजसाहेबांनी बलबीर सिंगांचं नाव साक्षीदारांतून काढलं होतं, एवढंच.

"तो उसी का अपील कीजिए."

"मॅडम, बीच के हर ऑर्डर पर ऊपर भागेंगे तो केस खत्म कब होगा? फैसला आने दीजिए. हारे, तो ये बात भी अपील में उठाएँगे. जीते, तो ज़रूरत ही क्या?"

बाईंच्या डोक्याला ते पटलं. जिवाला नाही.

पुढच्या हिवाळ्यात खराखुरा निकाल लागला आणि बाई जिंकल्या. चौकशीच न करता काढलं म्हणून काढणं बेकायदा. पेपर कुणी फोडला, त्यात कोर्टाला शिरायचं कारण नाही. मुन्शीने बर्फी मागितली.

"और बलबीरजी की गवाही?" बाईंनी वकिलांना विचारलं. "अब तो अपील होगी ना?"

"जीतनेवाले की कैसी अपील, मॅडम?"

बाई शाळेत पुन्हा रुजू झाल्या. सगळे गोड बोलले. परीक्षा जवळ आली तशी मुख्याध्यापिकांनी पेपर काढायची कामं वाटली. बाईंच्या वर्गाचा पेपर दुसऱ्या शिक्षिकेला दिला. "तुम्हें क्यों तकलीफ दें," त्या म्हणाल्या. बाईंना फार लागलं, पण तक्रार करायची कुणाकडे? त्या जिंकल्या होत्या.