दिगंबरला मी न लिहिलेली पत्रं

दिगंबरला मी नऊ वर्षं न चुकता महिन्याला एक पत्र पाठवलं, आणि त्यातलं एकही मी लिहिलं नाही.

मी वालूरला मास्तर. दिवसभर फळा, आणि संध्याकाळी घरी परतावं तर ओट्यावर गावातली माणसं कोरी इनलँड पत्रं घेऊन बसलेली. "गुरुजी, पोरीला लिवा, म्हैस व्याली म्हणून." ती म्हैस चांगल्या शब्दांत बसवता बसवता दिवे लागायचे (हे पुण्याचं काम म्हणतात, हात मात्र आपलाच दुखतो). मग स्वतःच्या मित्राला लिहायची वेळ आली, की मी आडवा व्हायचो आणि बायकोला सांगायचो, "सुलोचना, दिग्याला चार ओळी टाक. माझ्याच नावानं टाक."

"काय लिहू?"

"काहीबी लिही. खुशाल हाय म्हणावं."

दिगंबर माझा परभणीच्या बोर्डिंगातला दोस्त. मला टायफॉइड झाला तेव्हा परीक्षा बुडवून हा पठ्ठ्या माझ्या उशाशी बसला होता. पुढं तो जालन्याला कारकून झाला. असा मित्र जन्मात एकदाच मिळतो, म्हणून तर मी बायकोला एक महिना चुकू देत नव्हतो. भेट मात्र व्हायची नाही. विद्यापीठाच्या नामांतराच्या आंदोलनात मधूनमधून एसटी बंद असायची. पुढं गाड्या सुरळीत झाल्या तरी आम्ही कारण तेच ठेवलं.

त्याची उत्तरं यायची. मी डोळे मिटूनच विचारायचो, "काय म्हणतोय?"

"बरं चाललंय म्हणतेत. लिंबाच्या लोणच्यात गूळ कवा घालायचा, इचारलंय."

मला तेव्हाच शंका यायला हवी होती. बोर्डिंगात दिग्याला चहासुद्धा करता येत नव्हता.

आणि एक दिवस पत्र आलं : सहकुटुंब येतोय, देवगाव फाट्यावर घ्यायला या. मी हरखलो, आणि लगेच आत धावलो. सुलोचना गवारीच्या शेंगा मोडत बसली होती.

"अगं, नऊ वर्षं तू लिहिलंस तरी काय?"

"आठवतंय तेवढं सांगते. तुमी तंबाखू सोडली. पहाटं उठून पाणी भरायलात. सणाला पुरण वाटून देता."

"हे कवापासून?"

"तंबाखू सोडून पाच वर्षं झाली."

"खोटं कशाला लिहायचं?"

"काहीबी लिही म्हणलात ना? मग जे व्हावं वाटलं, ते लिहिलं."

माझ्यासाठी परीक्षा बुडवणाऱ्या माणसाला मी नऊ वर्षांत एक ओळ लिहिली नाही, हे त्याला कळलं तर? खरं सांगतो, मला भीती वाटली. या वयात नवे मित्र होत नाहीत आणि जुना हा एकच उरला होता.

फाट्यावर सुलोचनाही हट्टानं आली. बसमधून दिगंबर उतरला. डोक्यावरचे केस गेलेले, पोट आलेलं. आम्ही कडकडून भेटलो.

"मग, कसं काय सुद्या?"

"चाललंय. तुझं?"

"चाललंय."

झालं. नऊ वर्षांचं बोलणं तिथंच संपलं. "आलोच," म्हणून मी चहाच्या हॉटेलामागं सटकलो आणि तळहातावर चुना घेतला. शेजारी बघतो तर दिगंबर तंबाखू मळायलाय.

"तू तर सोडलीस ना? पत्रात लिहिलं होतंस," मी म्हणालो.

"आधी तू सोडलीस. तुझं बघून मी सोडली."

दोघंही आपापल्या तळहाताकडं बघत राहिलो. शेवटी तोच म्हणाला, "सुद्या, रागावू नको. ऑफिसात दिवसभर लिहून हात मोडून येतो रे. पत्रं आमची विमल लिहिती."

माझा जीव भांड्यात पडला. मी पण कबूल केलं.

"बाबा गेले तेव्हाचं पत्रबी वैनींनीच लिहिलं?" त्यानं विचारलं. "लय चांगलं लिहिलं होतं. विमल रडली वाचून."

त्याचे वडील गेल्याचं मला तिथं, हॉटेलामागं कळलं. ते कळवणारं त्याचं पत्र सुलोचनानं मला वाचून दाखवलं होतं म्हणे. मी झोपलो असणार. मला स्वतःची फार लाज वाटली.

पुढं येऊन बघतो, तर आजवर एकमेकींचं तोंडही न पाहिलेल्या त्या दोघी बाकड्यावर हातात हात घालून बसलेल्या.

"मी तर तिसऱ्याच पत्राला ओळखलं," विमलवैनी सांगत होत्या. "गडीमाणूस कुठं लोणच्याला उत्तर देतो?"

दोन दिवस त्या बोलत राहिल्या आणि आम्ही तंबाखू मळत राहिलो. निघताना दिगंबरनं माझा हात धरून शपथ घातली, यापुढं स्वतःच्या हातानं लिहायचं. मी त्याच आठवड्यात इनलँड घेऊन बसलो, 'प्रिय दिग्या' एवढं लिहिलं आणि डोळा लागला. त्याचंही अजून आलेलं नाही.

आता त्या दोघी आपापल्या नावानं लिहितात, आणि शेवटी एक ओळ असते, 'आमच्या ह्यांचा भाऊजींना नमस्कार.' आमची मैत्री त्या ओळीवर टिकून आहे. परवा मी दटावून विचारलं, "माझा नमस्कार लिहिलास का?"

"लिहिला की," सुलोचना पाकीट चिकटवत म्हणाली. "तुमाला इचारणार होते, पण तुमी झोपला होतात."