धातूचा थकवा

सरांपुढे पितळी पेला ठेवला की ते आधी त्याला टिचकी मारत, कान लावत आणि मगच पाणी पीत. भांड्यांच्या दुकानात तुम्हीआम्हीही हेच करतो. फरक इतकाच की सरांनी त्यासाठी परदेशातून डॉक्टरेट आणली होती.

धातू सोसून सोसून आतून कसा थकतो आणि एक दिवस अचानक कसा तुटतो, हा त्यांचा विषय. जळगावच्या कॉलेजात ते पदार्थविज्ञान शिकवत. काहीही विचारा, म्हणत, "आणखी एक प्रयोग हवा." वांगी निवडतानाही हेच, तोवर बाजार उठून जाई.

कॉलेजच्या अध्यक्षांचा कापसाच्या गाठी बांधायचा कारखाना होता. तिथल्या प्रेसचा लोखंडी दांडा तुटला आणि प्रेसवर काम करणाऱ्या सुकदेवआबांचा उजवा हात गेला. अध्यक्ष म्हणाले, आबांचाच हलगर्जीपणा. नोकरीही गेली. आम्ही सरांच्या काही विद्यार्थ्यांनी पत्रकं वाटली आणि दांड्याचा तुटका तुकडा घेऊन आबांसह सरांकडे गेलो.

सरांनी तो उन्हात धरला. चेहरा काय उजळला त्यांचा! "हे बघा, एवढा भाग काळपट. हा तडा जुना, कित्येक महिने वाढत होता. चकचकीत भाग तेवढा त्या दिवशी तुटला. दांडा थकला होता."

"लोखंडबी थकस का, सर?" आबा म्हणाले. "मंग आमना हात काय पोलादना व्हतात?"

"धुळ्याला कामगार कोर्टात आबांच्या दाव्याची सुनावणी आहे, तिथं येऊन एवढंच सांगा," मी म्हणालो.

सरांनी तुकडा हळूच टेबलावर ठेवला. "आणखी एक प्रयोग हवा. राहू द्या इथंच."

सुनावणीच्या दिवशी धुळ्याच्या स्टँडवर आम्ही जळगावची एकेक गाडी पाहिली. सर उतरले नाहीत. आबा हरले.

पुढे सर विभागप्रमुख झाले. अध्यक्षांनी सत्कारात चांदीचं ताट दिलं. सरांनी सवयीनं व्यासपीठावरच टिचकी मारली. आवाज बद्द आला, पार शेवटच्या रांगेपर्यंत. कसली चांदी! सर म्हणाले, "धन्यवाद."

त्यावर मी काढलेलं पत्रक इथं पुन्हा छापत नाही. त्यातला एक शब्दही मागे घेत नाही.

सर वारले, तेव्हा काकूंनी आम्हाला बोलावून घेतलं. कपाटातून तेलकट फडक्यात गुंडाळलेला तो तुकडा काढून दिला. "दर रविवारी पुसून ठेवायचे," त्या म्हणाल्या. गंजाचा एक ठिपका नव्हता. काळपट भाग वेगळा, चकचकीत वेगळा. कोणालाही कळावं असं.

मी तो धरला. आबांनी डाव्या हातानं टिचकी मारली, सरांसारखाच कान लावला.

"आते येतीन का सर धुयाले, सुनावणीले?"